भोकाचं पान

रात्री आठला, जेवणं उरकली की
आम्ही पाचजणी बॅटऱ्या घेऊन माठात उतरतो.
अळी दिवसभर पानाखाली पडून असते,
अंधार झाला की बाहेर येते,
आमच्यासारखीच, सगळं आवरून.

गोमी डाव्या हाताने पान उलटते,
उजव्याने अळी उचलून डालड्याच्या डब्यात टाकते.
सकाळी तो डबा कोंबड्यांपुढे.
चिमी म्हणते, एवढं बारीक तर मी
पोरांच्या डोक्यातही कधी पाहिलं नाही.

गोठ्यामागे दशपर्णीचं पिंप.
निरगुडी, करंज, सीताफळ, घाणेरी, रुई...
महिनाभर कुजून त्याला जो वास सुटतो
तो आंघोळीला दाद देत नाही.
माझा नवरा कूस बदलून झोपतो.
पहिल्या साली हसायचा.
यंदा करंजाचा भारा आणून पिंपाशी टाकला,
बोलला काही नाही.

तीनला टेंपो. मुरबाड, मग कल्याण,
उजाडता उजाडता ठाणं,
घोडबंदरच्या एका उंच फाटकापाशी.
वॉचमन वहीत लिहून घेतो
गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव,
आणि पुढे : लेडीज पाच.

चष्मेवाल्या एक बाई
माठाची जुडी उजेडात धरून बघतात.
पान न् पान.
"यात एकही भोक नाही," म्हणतात,
"औषध मारलेलं दिसतंय."
आणि जुडी खाली ठेवतात, अगदी हळू,
जुडीलाच वाईट वाटेल अशी.

गोमीने दोन्ही हात पुढे केले.
बोटांची टोकं हिरवीकाळी, नखं चिरलेली.
बाई हातांकडे बघत राहिल्या,
मग पर्स छातीशी घेऊन म्हणाल्या,
"पैसे कसले? मी घेतलंच नाही काही."

परतताना शहाडच्या पुलापर्यंत
कुणी तोंड उघडलं नाही.
पुलावर चिमीला हसू फुटलं,
मग सगळ्यांना,
रिकाम्या क्रेट खडखडेपर्यंत.

त्या रात्री सतरा वाफे वेचले.
अठराव्यात, बांधाकडच्या, कुणी गेलं नाही.
गोमी त्याच्या कडेला उकिडवी बसली,
बॅटरी विझवली
आणि अंधाराला म्हणाली :
खा गं बायांनो.
पण बेताने खा.
पानाला एकच.
ठाण्याला पाठवायचंय.