किती वाजता खाल्लं?

सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री पावणेदोनला
टिप्या ओकला. मग पुन्हा.
ओट्याखाली डबा उपडा,
परवाची मटकीची उसळ, तार सुटलेली,
कडेला हिरवट बुरशी.

कोठुळे डॉक्टरीणबाई झोपेतूनच बोलल्या, गंगापूर रोडवरून :
मिठाचं पाणी पाजू नका,
घशात बोट घालू नका.
हिरड्या बघा, पांढऱ्या पडल्यात का?
थरथरतोय? उसळीत कांदा होता?

म्हटलं, बाई, नाशकात
कांद्याशिवाय उसळ कोण करतं?
त्या हसल्या नाहीत.
किती वाजता खाल्लं? किती खाल्लं? वजन काय त्याचं?

वजन माहीत नव्हतं.
त्याला कडेवर घेऊन काट्यावर चढलो,
मग एकटा चढलो, वजाबाकी केली.
टिप्या साडेअकरा.
मी दिवाळीपेक्षा सहा किलो कमी.

घेऊन या, म्हणाल्या. डबाही आणा, धुऊ नका.

रिक्षा मिळेना.
टॉवेलात गुंडाळून मुंबई नाक्यापर्यंत चालत निघालो,
त्याचं नाक माझ्या मनगटावर, कोरडं.
दुसऱ्या हातात पिशवी,
पिशवीत तो डबा,
जो उद्या गरम करून,
वास न घेता,
मीच खाणार होतो.