फुरू

म्वान्झाच्या आखातात मिंझा जाळं झटकते,
मी बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवतो.
तिच्या लेखी सगळे फुरूच:
बोटाएवढे मासे, वाळवायचे, विकायचे.
माझ्या वहीत मात्र नावं आहेत,
निळ्याला एक, तांबड्याला एक.

दोघांचे काटे मोजले, दात मोजले.
फरक हाती लागला नाही.
फरक मादीच्या डोळ्यात होता:
वर उजेडात ती निळा निवडायची;
खाली, जिथवर तांबूस उजेडच पोचतो,
तिथली दुसरी, तांबडा.
एवढ्याशा नकारावर
हजारो वर्षं दोन घरं उभी होती.

मग टेकड्या बोडक्या झाल्या, माती वाहून आली,
पाणी दुधाळ चहासारखं.
आज जाळ्यात एक राखी नर.
निळा म्हणावा तर नाही,
तांबडा म्हणावा तर
चिठ्ठीवरचा डिंक वाळून गेला.

"अडलं कुठे?" मिंझा विचारते.
सांगतो.
ती त्याला शेपटीला धरून उन्हात उलटासुलटा बघते.
"गढूळ पाण्यात कोण कुणाला नाही म्हणणार?"
आणि वही आपल्याकडे ओढून
पान निरखते.

तारीख आहे. खोली आहे, सव्वादोन मीटर.
नावाच्या रकान्यात
तिच्या ओल्या बोटाचा डाग.