कोरडं बंदर

आमच्या बंदराला पाणी नाही.
वर्धा रोडकडून रुळांना फुटलेला एक फाटा,
काँक्रीटचं मैदान, त्यावर डब्यांच्या चळती.
डब्यांवर कुठल्या कुठल्या समुद्रांचं मीठ
आणि त्यावर आमची मे महिन्यातली धूळ.
नवीन पोरं विचारतात, काका, लाट कुठं आहे?
मी म्हणतो, दुपारी दोनला ये,
जमिनीतून उठताना दिसेल.

बावीस वर्षं मी वर बसलो.
एकोणसाठ पायऱ्या, मग पत्र्याची खोली,
पायाखाली काच. खाली बघायचं तर मान दुमडून.
शेहेचाळीस अंशांत डोक्यावर ओला दुपट्टा,
तो अर्ध्या तासात वाळायचा.
पाणी मी कमीच प्यायचो,
कारण लघवीला एकोणसाठ उतरा, एकोणसाठ चढा,
आणि खाली ट्रेलरवाल्यांचे हॉर्न.
हे कोणत्याच अहवालात आलं नाही.

आता खोलीत बसतो. एसी आहे. खुर्ची फिरते.
समोर सहा पडदे,
तिकडं क्रेन एकटीच चालून राहिली,
तिची केबिन रिकामी, दाराला कुलूप.
तृप्ती लांजेवार नावाची पोरगी आहे,
बुटीबोरीहून स्कूटीवर येते, तिनं शिकवलं:
हिरवा पट्टा म्हणजे गल्ली मोकळी,
माणूस आला की पिवळा,
लाल झाला की तुमचं काही चालणार नाही काका,
दांडका ओढा की ढकला, ती थांबणार.

राग आला होता मला.
तीन डोळ्यांच्या पोरीनं नाही, पोरीच्या यंत्रानं
मला थांब म्हणावं?

पहिल्या आठवड्यात ती कुत्र्यासाठी थांबली.
मग उडत्या पिशवीसाठी.
मग कशासाठीच नाही;
लेन्सवर धूळ होती, तृप्तीनं ओढणीच्या टोकानं पुसली.
मेश्राम खर्रा घोटत म्हणाला,
लय भित्री आहे बे तुझी क्रेन.

शालिक नेवारे भित्रा नव्हता.

ट्रेलरला चार कोपरे, चार पिना.
डबा उचलायच्या आधी चारी सोडायच्या.
तीन सुटल्या. चौथी गंजलेली.
मी उचलला.
डब्यासंगं ट्रेलर उचलला गेला,
मागची चाकं हवेत, आणि शालिक वाकून
चौथ्या पिनेला हातोडीनं समजावत होता.
मग तिला समजलं.

चौकशीत विचारलं, दिसलं नाही का?
म्हणालो, ऊन डोळ्यावर होतं.
खोटं नाही ते. ऊन होतंच.
पण मी पुढचा डबा बघत होतो.
पाळी संपायला तीन उरले होते
आणि मला त्या दिवशी चौसष्ट करायचे होते.
चौसष्टच का, ते आता आठवत नाही.

यंत्राला पाळी नाही. पुढचा डबा नाही.
ते फक्त चाक आणि जमीन यांच्यातली फट बघतं.
चार बोटं झाली की जागच्या जागी थांबतं.
तृप्ती मिलिमीटरमध्ये सांगत होती,
मी टेबलावर हात आडवा ठेवून पाहिला.
अंगठा सोडून.
बराच वेळ तो तसाच राहिला.
ती म्हणाली, काका, चहा घेता का?

परवा राजनांदगावची गाडी लागली.
ड्रायव्हर पोरगेलासा, बनियनवर, कानात गाणं.
मी दांडका ओढला, डबा हलला
आणि पट्टा लाल.
सगळं थांबलं. चार बोटांवर.
पडद्यावर तो उतरला, चाकाकडं पाहिलं,
डोकं खाजवलं, वाकला नाही,
आधी मागं सरकला, डबा खाली यायची वाट पाहिली,
मग पिनेला दोन लाथा.
सुटली.

मग त्यानं वर पाहिलं, रिकाम्या केबिनकडं,
आणि एक सणसणीत शिवी हासडली.
पडद्यांना आवाज नाही, पण ओठ मी ओळखतो.
वेळ गेला होता त्याचा, सात मिनिटं.

नोंदवहीत थांबण्याचं कारण लिहायचं असतं.
मी लिहिलं: पिन अडकली होती. चालक ठीक.
शिवी लिहायला रकाना नव्हता.
ती मी घरी घेऊन आलो.