एक मिलिमीटर

पारसिकच्या मागच्या उतारावर,
जिथे बंद खाणींची खडी अजून स्वतःला रस्ता म्हणवून घेते,
चेन पडते.
पहिल्या रविवारी एकदा, पुढच्या रविवारी तीनदा,
मग दर रविवारी, ठरल्यासारखी.
पायडल एकदम हलकं होतं,
जिना संपलेला असताना
आणखी एक पायरी समजून टाकलेल्या पायासारखं.

सायकल चांगली आहे. ग्रॅव्हल बाईक म्हणतात हिला.
मातकट हिरवी, पोलादी,
पुढे एकच चक्र, चाळीस दाती.
पुढचा डिरेलर नाहीच, म्हणजे
चेन उडाली तर अडवायला वर कोणी नाही.

नेरूळच्या दुकानात श्रावस्ती म्हणाली,
‘काका, चेन गाईड लावा.’
काउंटरवर तीन तऱ्हा मांडल्या तिने.
एक फ्रेमच्या भोकाला बसणारी. माझ्या फ्रेमला भोक नाही.
एक खालून, बॉटम ब्रॅकेटपाशी. तिच्यासाठी सगळं उकलावं लागेल.
राहिली नळीला कवळणारी.
‘चौतीस नऊचा क्लॅम्प देते.’
‘अठ्ठावीस सहा,’ मी म्हटलं, ‘शिम टाकून एकतीस आठचा दे.’
तिने वर पाहिलं. मी खिशातून व्हर्नियर काढला.
बत्तीस वर्षं रबाळ्यात फिटर होतो, पोरी,
अंदाजाने मी कोथिंबीरसुद्धा घेत नाही.

प्लास्टिकची नऊशे, ॲल्युमिनियमची चोवीसशे.
चोवीसशे मोजले. घरी नऊशे सांगितले.

‘चेन तोडावी लागेल?’
‘नाही. गाईडची बाहेरची पट्टी उघडते.
चेन आहे तिथेच राहते.’

गॅलरीत पेपर अंथरून बसलो.
नळी पुसली, शिम सरकवली, स्क्रू अर्धाच आवळला.
चेन मागे सगळ्यात मोठ्या चक्रावर घातली, आत कलली.
सगळ्यात लहानावर घातली, बाहेर कलली.
दोन्हीकडे एकेक मिलिमीटर सुटायला हवा.
गाईड चेनला धरत नाही, हे मला आधी पटेना.
फीलर गेज काढला. कंपनीचा आहे.
गेटवरची झडती बंद झाली त्या आठवड्यात आणलेला.

आम्ही चेनच म्हणतो.
साखळी हा शब्द मी एकदाच लिहिला,
कापडावर, तांबड्या रंगात:
साखळी उपोषण. दिवस
आणि पुढे रोज बदलायचा पुठ्ठ्याचा आकडा.
रोज एक जण, सकाळी आठ ते सकाळी आठ.
तेरावा दिवस धर्मा घरतचा, चौदावा माझा.
तेराव्याच्या संध्याकाळी, वाशीच्या एका हॉटेलात,
मी व्हीआरएसच्या कागदावर सही केली.
एसी होता. चहा चांगला होता.

चौदाचा पुठ्ठा लागला तरीही. पंधराचाही.
वाटलं, बसलं असेल कोणीतरी.
सात वर्षांनी कोणाच्या तरी दहाव्याला कळलं
की धर्मा उठलाच नव्हता.
‘साखळी आहे ना,’ म्हणाला होता,
‘एक कडी दोनदा मोजा.’

स्क्रू आवळला. फार नाही,
पातळ नळी आहे, चेपते.

खाली उतरून मोठा रस्ता ओलांडला
की घणसोली गावात धर्माचं घर लागतं.
रविवारी तो ओट्यावर सुपारी कातरत बसलेला असतो.
मला पाहून अडकित्ता ठेवतो, हात पुढे करतो,
आणि मी ब्रेक न दाबता ओरडतो,
‘हात काळे आहेत रे! चेन पडली!’
खरंच पडलेली असायची.

आज खडी तीच होती.
चेन दोनदा उसळली, आतल्या पट्टीला लागली,
टक् झालं, आणि परत दातांवर बसली.
गावाच्या वळणावर मी तळवे उलटे करून पाहिले.
कोरडे. थेट ताटावर बसावं इतके स्वच्छ.

धर्मा ओट्यावर आहे.
अडकित्ता बाजूला ठेवतोय.