कागदावरची हिंदा

हंसापुरीत, कुलरच्या ताट्या भरणाऱ्या दुकानावर
एक खोली आहे. जिन्याला कठडा नाही.
मंगळवारी आणि गुरुवारी मी तिथे बसते,
कारण नव्या पोरांना उर्दू लिहिता येत नाही
आणि मुफ्ती साहेबांना मराठी वाचता येत नाही.
मी महापालिकेच्या मराठी शाळेतली,
सातवीत शुद्धलेखनात पहिली.
उर्दू अब्बांनी शिकवली, मागावर बसल्या बसल्या.

प्रश्नात खरं नाव घालायचं नाही, असा जुना रिवाज.
प्रत्येक पुरुष झैद, प्रत्येक बाई हिंदा.
म्हणून माझ्या वहीत झैद बँकेत कॅशियर आहे,
झैद टेका नाक्यावर फर्निचरला पॉलिश मारतो
आणि विचारतो, बिअर बारचं काउंटर घेऊ की सोडू.
झैदने रागात काहीतरी बोलून टाकलंय
आणि आता तो शब्द परत गिळायचा रस्ता हवाय.
एकटा झैद किती करून राहिला बाप्पा,
असं म्हणून मी शाई भरते.

मेयोतली हिंदा लिहिते:
पारा सेहेचाळीसवर, रोजा आहे, डबल ड्यूटी,
चक्कर आली तर हातातलं मूल पडेल.
साहेब म्हणाले, लिही, पाणी पी.
रोजा नंतर भरून देता येतो.
पुढचं वाक्य त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

कळमन्याचा झैद: काटोलकडची बाग,
आंबिया बहार, झाडावर नुसती फुलं,
आत्ताच सौदा केला तर स्वस्तात पडतो.
साहेबांनी चष्मा काढून कुर्त्याला पुसला.
जे अजून झालंच नाही ते विकता येत नाही.
गारपीट आली तर कुणाचे पैसे बुडतील, विचार म्हणावं त्याला.

आणि एक चिठ्ठी चार घड्यांची.
तेवीस वर्षांपूर्वी, वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवर
एक आई तापाने बेशुद्ध. तिचं पोर रडत होतं.
हिंदाने त्याला छातीशी घेतलं. तीन रात्री.
आता त्याच्याशी हिंदाच्या मुलीचं लग्न ठरलंय.
पत्रिका छापून झाल्या.
ही गोष्ट हिंदाशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

साहेब त्या दिवशी जेवले नाहीत.
अकरा दिवस किताबं उघडी राहिली.
मग मी मराठीत एकच ओळ उतरवली:
ती दोघं भावंडं आहेत.
एवढी ओळ लिहायला मला तीन कागद लागले.

मागच्या गुरुवारी गठ्ठ्यात एक प्रश्न जास्तीचा होता.
हिंदाचे आईवडील वारले. भानखेड्यात दोन खोल्या,
आणि बंद पडलेल्या मागांची शेड.
दोन भाऊ म्हणतात, तुझ्या लग्नाला लावले
तोच तुझा हिस्सा.
हिंदा ईदला जाते, शिरखुर्मा पिते, काही बोलत नाही.
गप्प बसलं म्हणजे माफ केलं, असं होतं का?

साहेबांनी डोळे मिटून ऐकलं.
पाच भाग करायचे. दोन-दोन भावांचे, एक हिंदाचा.
लग्नाचा खर्च त्यातून वजा होत नाही.
गप्प बसणं म्हणजे अंगठा देणं नव्हे.
शेवटी नेहमीसारखं, वल्लाहु आलम.
अल्लाहच जास्त जाणतो.

मी पेन बंद केलं.
खाली कुणी ताट्यांवर पाणी मारत होतं,
ओल्या लाकडाचा वास जिन्यातून वर आला.
साहेब म्हणाले, बेटी,
हा प्रश्न तू कागदाकडे न बघता वाचलास.

चहा आला. आम्ही दोघंही बशीकडे बघत बसलो.

उत्तर पर्समध्ये आहे, पाकिटात घातलेलं.
गोंद लावलाय. तिकीटही.
पत्ता तेवढा लिहायचा आहे.
मधे दोन वेळा भावाचा फोन येऊन गेला,
ईदला लवकर ये म्हणे, शेवया भाजायला कुणी नाही.