तीन पॉइंट सात

चारशे चाळीसचा माणूस मी.
वसमत रोडला पत्र्याच्या दुकानात सव्वीस वर्षं
पाण्याच्या मोटारींची जळकी कॉईल उपसतो,
नवी भरतो.
व्हार्निशचा वास भाकरीलाही लागतो, असं घरी म्हणतात.

आणि आता बसलोय
तीन पॉइंट सात व्होल्टापुढं
हात जोडून.

कॅमेरा झालाय तसा.
बोर्ड नांदेडहून आला, बटण मिक्सरचं,
डोळा कुरिअरनं, कापसात गुंडाळून,
आणि अंग म्हणाल तर रेवतीची कंपासपेटी.
झाकणाच्या आतून कर्कटकानं कोरलंय: ७ वी ब.
जिथं कोनमापक बसायचा
तिथं आता सेल बसवायचाय.
तीन बोटं रुंद, पेन्सिलीएवढा जाड,
वर एक सूत नाही.

लॅपटॉपमधले गोल सेल घालून बघितले.
ताकद बक्कळ, झाकण लागेना.
रबर लावून चार दिवस फिरलो.
दाढ दुखणाऱ्यागत पेटीचं तोंड बांधलेलं.

मग खेळण्यात घालतात तसले, चार्जिंगचे, चार.
चौघांचे मिळून पाच व्होल्ट,
कागदावर.
वजन असं की खिसा गुडघ्याला आला.

पॉवरबँक तर जास्तच शहाणी.
माझा इवलासा करंट तिला करंटच वाटेना.
दारात कुणी नाही समजून
अर्ध्या मिनिटात झोपी जायची.

एका मेलेल्या मोबाईलचा चपटा सेल फुकट मिळाला.
मे महिना, दुपारचे तीन, पत्र्याखाली
तो पुरीसारखा टम्म फुगला.
चिमट्यात धरून, श्वास रोखून,
कोरड्या वाळूच्या बादलीत नेऊन ठेवला
लांब, बोरीखाली.
शेजारच्या पोरांना सांगितलं, तिकडं जायचं नाही.

शेवटी नानलपेठेत, हबीबकडं.
घड्याळांचे सेल, कानाच्या मशीनचे सेल,
सगळे आपापल्या पुडीत, जिऱ्यामिऱ्यासारखे.
त्यानं पेटी उघडली, आत फुंकर मारली.
"कितने फोटो होना, मुंजाभाई?"
मी म्हणलं, शंभर.
"शंभर कशाचे?"
मला काही सांगता येईना.
त्यानं राजगिऱ्याच्या वडीएवढा एक चपटा सेल
माझ्या तळहातावर ठेवला. नवाकोरा, गार.
"ह्याच्यात वीस बसतात. वीस तरी हाय का
तुमच्याकडं बघण्यासारखं?"
आणि नाही चालला तर?
"बनी तो बनी, नहीं तो परभणी."
आम्ही आधीच परभणीत उभे होतो.

बसला. झाकण टक्कन लागलं.
व्होल्ट चढवायची नखाएवढी पाटी पण मावली.
पडद्यावर अंगण आलं,
दोरीवरचा टॉवेल, उलटी बादली.
बटण दाबलं
आणि सगळं काळं.
बघेपर्यंत जिवंत. टिपायला गेलं की मेला.
तीन रात्री हेच.
हबीबला मनात काय काय बोललो, ते इथं नको.

चौथ्या दिवशी पिंगळीचा एक जण
पाच एचपीची मोटार घेऊन आला.
"लाईट कमी आसली की नुसती घुरघुरती, उठतच नाही."
मी मान वर न करता म्हणलं,
"उठताना सहापट ओढती ती. कंडेन्सर बघावं लागंल."

म्हणलं,
आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं.

जुन्या टीव्हीतून एक कंडेन्सर काढला,
करंगळीच्या पेराएवढा.
केसासारख्या लांब तारा तोडून
मोटारीचंच तांबं लावलं, आखूड आणि जाड.
सव्वीस वर्षं जे गिऱ्हाइकाला सांगत आलो
ते पहिल्यांदा स्वतःसाठी झाळलं.
पिंगळीवाला बघत बसला होता.
त्याला वाटलं, त्याचंच काम चाललंय.

त्या दिवशी सांजच्याला लाईट गेली.
वर पंखा दमत दमत आला,
आणि त्या गरगरीतून
तीन पाती एकेक करून वेगळी दिसायला लागली.
इतक्या वर्षांत कधी थांबून बघितलं नव्हतं.
बटण दाबलं.
पडदा गेला नाही.

अख्ख्या गल्लीत तेवढं एकच चालू होतं.

उरले एकोणीस.