दोनशे चौदा

धरणीकंपाला नऊ दिवस झाले होते.
व्हालपारायसोच्या चौकात, फाटक्या शिडाच्या तंबूत
मी मेलेल्यांची वही लिहीत होतो :
नाव, गल्ली, कारण, कुणी ओळखलं.
शाई संपल्यावर काजळी न् व्हिनेगर.

ती रांगेत होती, इतर बायांसारखीच.
फक्त रडलेली नव्हती, आणि बुटांना
अल्मेंद्रालच्या पडक्या घरांचा चुना घोट्यापर्यंत.
एदेल्मिरा ओयानेदेल. तारखात्यातून काढलेली.
तिचं दार पडलं, पण दारावरची पाटी शाबूत होती म्हणे :
'खाजगी चौकशा. विधवांना निम्मे दर.'

"दोनशे चौदा," ती म्हणाली. "लिसांद्रो उरेता, मेणबत्तीवाला.
भिंत पडून मेला, असं लिहिलंय तुम्ही."
"भिंत पडलेलीच होती."
"भिंती सगळ्यांवरच पडल्या,"
असं म्हणत तिनं न विचारता खोकं ओढलं, बसली.
"प्रेतांची तोंडं कोण पुसतं?"

मीच.
ओलं फडकं. आधी पापण्या, मग मिशा, मग ओठ,
घरच्यांना ओळख पटावी म्हणून.
प्रत्येकाच्या तोंडात माती असे.
दातांवर, जिभेखाली, पार घशात.
कुणी हाक मारता मारता गिळलेली,
कुणी नुसता श्वास घेताना.
एका तान्ह्याच्या टाळूलासुद्धा चिमूटभर.
बोटाला चिंधी गुंडाळून मी ती काढायचो, आणि

बोलता बोलता थांबलो.
दोनशे चौदाच्या वेळी फडकं पांढरंच राहिलं होतं.
तेव्हा मनात आलं होतं : बरं झालं, एक काम वाचलं.

ती काही बोलली नाही. मला वाटलं, शिव्या देईल.
"भागीदारानं ओळखलं ना? फिदेल बाराझानं?"
हो. टोपी काढून, नाक शिंकरून, घाईघाईनं.
"त्याच्या वखारीत हिशेबाची वही जळालीय.
ज्या फळीवर ती होती, ती फळी नाही जळाली."

दुपारी न्यायाधीशाकडे गेली, संध्याकाळी परत आली.
"काय म्हणाले?"
"म्हणाले, बाई, हजारो गेले, त्यात हा एक."
बुटातला खडा तिनं काढला, बघितला, टाकला.
"त्यातला नाहीच तो. तेवढंच सांगायला गेले होते."

वही सरकारी. खाडाखोड केली तर नोकरी जाते.
मला तीन मुली, आणि राहायला हाच तंबू.
हे सगळं मी तिला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

तेवढ्यात जमीन पुन्हा हलली, थोडीच.
मी टेबल धरलं.
तिनं दौत धरली.

कारणाच्या रकान्यात 'भिंत' वर एक आडवी रेघ मारली,
शेजारी लिहिलं : चौकशी चालू.
काजळीची शाई वाळायला वेळ लागतो.
ती वाळेपर्यंत
बाई तिथंच उभी होती, वहीवर वारा येऊ नये म्हणून
शाल दोन्ही हातांनी पसरून.